मासा सर्वांत शेवटी

मित्रहो, मघाशी चहाच्या वेळी दोघांनी मला मोबाइलवर आपापल्या हॉलच्या भिंतीचे फोटो दाखवले, जिथे प्रवाळाची टाकी बसवायची आहे. टाकीचं माप दोघांचं सारखंच: सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. प्रवाळाच्या टाकीसाठी माप सुंदर आहे, म्हणून आज हेच धरून बोलतो.

सहा गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे 24 घनफूट, म्हणजे साधारण 680 लिटर. खारं पाणी गोड्या पाण्याहून जड, त्यामुळे नुसतं पाणीच 700 किलोच्या घरात जातं. 15 मिलिमीटरची काच धरली तर तिचे दीडशे किलो. त्यात दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालच्या कपाटातली दुसरी टाकी, जिला आपण संप म्हणतो. बेरीज 1200 किलोच्या पुढे गेली, आणि हे सगळं उभं राहणार जेमतेम 12 चौरस फुटांवर! राहत्या घराचा स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापराचा भार धरून बांधतात. आपण त्याच्या पाचपटीवर गेलो. स्लॅब लगेच खाली येईल असं नाही, कारण तो 200 चा आकडा सगळ्या खोलीभर पसरलेला धरलेला असतो. पण खोलीच्या मधोमध ही टाकी नको म्हणजे नको. ती बीमवर, कॉलमच्या जवळ हवी. काचेची ऑर्डर देण्याआधी इमारतीचा नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. इमारत जुनी असेल तर हे टाळूच नका, पाया पडून सांगतो.

आता वीज. माझ्या पहिल्या टाकीत संपातल्या पंपाकडून वर येणाऱ्या पाइपचं तोंड पाण्यात सहा इंच खोल होतं. एका रात्री वीज गेली, पंप थांबला आणि त्याच पाइपातून पाणी उलटं खाली ओढलं जाऊ लागलं. सहा इंच पाणी म्हणजे 170 लिटर, आणि संपात रिकामी जागा होती चाळीस लिटरची. पहाटे खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. त्यांच्या देवघराच्या छतातून खारं पाणी ठिबकत होतं. छत मी रंगवून दिलं, पण भिजलेल्या पोथ्या काही परत देता आल्या नाहीत. तेव्हापासून कुणीही टाकी बसवायला बोलावलं की मी आधी त्या पाइपकडे बघतो. पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली पाइपला बारीक भोक हवं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा आत शिरते आणि सायफन, म्हणजे ती उलटी ओढ, तुटतो. त्या भोकात गोगलगाय बसते, शेवाळ साचतं, म्हणून ते महिन्याला टोचून साफ करायचं. आणि टाकीत एकही जीव नसताना पाच-सहा वेळा मेन स्विच बंद करून संप किती भरतो ते डोळ्यांनी बघायचं.

वीज तासन् तास गेली तर आधी संपतो तो प्राणवायू. म्हणून निदान एक वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलवत ठेवणारा छोटा पंप, बॅटरीवर ठेवा. मुंबईच्या मे महिन्यात पाणी थंड करणारा चिलरही लागतोच. पाणी 25-26 अंशांवर असावं. ते बरेच दिवस 30 च्या वर राहिलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. चिलर मात्र हॉलमध्ये ठेवू नका, तो पाण्यातली उष्णता काढून तिथेच ओततो.

समुद्र दारात असताना मीठ विकत कशाला, असं मला नेहमी विचारतात. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी आहे, आणि पावसाळ्यात गाळही येतो, खारेपणाही उतरतो. त्यापेक्षा आरओ आणि त्यापुढे डीआय, म्हणजे उरलेले क्षारही काढणाऱ्या गाळणीचं पाणी घ्या, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य येऊ द्या, आणि लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास क्षार बसतील इतकं मीठ मिसळा.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. 1961 साली जकार्ताचे मत्स्यपालक ली चिन एंग यांनी जिवंत दगड, म्हणजे सूक्ष्म जीवांनी भरलेले समुद्रातले दगड, आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ कसे जगवता येतात ते लिहून जगापुढे मांडलं. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्यात स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, आणि प्रखर दिव्यांची जोड दिली. आणि प्रवाळ पाळणाऱ्या पीटर विल्केन्स यांनी ओतायला लावली ती चुन्याची निवळी. हो, आजी पोटदुखीवर द्यायची तीच!

टाकीतून रोज पाणी उडून जातं, माझ्याकडे सात-आठ लिटर. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची. ती निवळीची घातली की दगडावर चढणाऱ्या जांभळ्या कोरलाइन शेवाळाला, शंखांना, लेदर नावाच्या मऊ प्रवाळाच्या अंगातल्या चुन्याच्या काट्यांना कॅल्शियमही मिळतं आणि पाण्याची क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देण्याची ताकद, हीही टिकते. लिटरला दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, पानाचा चुना नको. ढवळा, झाका, रात्रभर ठेवा. सकाळी वर दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा दिसेल, तळाशी पांढरा गाळ, आणि मध्ये काचेसारखं नितळ पाणी. ते मधलंच घ्यायचं. त्याचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणून हातमोजे घाला, आणि थेंबाथेंबाने सोडा, तेही रात्री. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबतं, पाण्याचा पीएच उतरतो, आणि निवळी त्याला नेमका तेव्हाच हात देते.

प्रवाळ कुठले, हे कायद्यानेच ठरवलं आहे. 2001 पासून सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि समुद्रघोडेही. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलू नका. असे प्रवाळ आपल्या हाजी अलीच्या खडकांवरही वाढतात. सागरी मार्गाच्या कामासाठी त्यातले काही तिथून हलवावे लागले होते. माझ्याकडे लेदर, मशरूम आणि झोअँथिड हे दगडी सांगाडा नसलेले प्रकार आहेत, आणि दगड सिरॅमिकचे. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं. त्यांचा दगड कधीही उकळू नका, वाफेने घरातली माणसं आजारी पडतात.

मासा? थांबा जरा. टाकीत आधी विषारी अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट, हा क्रम त्यांना पुरा करू द्या. चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर काच तपकिरी होईल, मग हिरवी लव येईल. बरेच जण इथेच घाबरून औषधं ओततात. ओतू नका. माझ्या दगडावर चौथ्या महिन्यात कोरलाइनचा नखाएवढा जांभळा ठिपका उमटला, आणि त्या दिवशी मी बायकोला ऑफिसमधून फोन करून बोलावून घेतलं. पुढच्या आठवड्यात क्लाउनफिशची जोडी आणली, हॅचरीत जन्मलेली, समुद्रातून पकडलेली नव्हे.

वेळ संपत आली. ज्यांनी इमारतीचा नकाशा बरोबर आणला आहे त्यांनी थांबा. टेबल मोकळं करतो आणि इंजिनिअरला काय काय विचारायचं ते नकाशावरच दाखवतो.