फुगा धरून बसलेला माणूस

(डॅशबोर्डचा क्लोजअप. किल्ली फिरते.)

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात आणि एकेक करून विझतात. एक मात्र विझत नाही. सीटवर बसलेला माणूस, आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा. एअरबॅगचा दिवा.

गाडी २००४ सालची फोर्ड रेंजर. अमेरिकेत हिला ट्रक म्हणतात, आपण पिकअप म्हणू. तिथे असल्या हलक्या ट्रकना पुढच्या दोन्ही एअरबॅग १ सप्टेंबर १९९८ पासून सक्तीच्या झाल्या. त्या जमान्यातले ट्रक आता विशी ओलांडून गेलेत. इंजिन ठणठणीत, आणि हा दिवा मात्र पेटलेला.

दिवा लागला म्हणजे एअरबॅग आता तोंडावर फुटणार, अशी अनेकांना धास्ती असते. खरी भीती उलटी आहे: धडक बसेल आणि ती उघडणारच नाही.

(दिवा लुकलुकतो.)

रेंजरचा दिवा स्वतःच बोलतो. तीनदा लुकलुकला, थांबला, दोनदा लुकलुकला. बत्तीस. त्या सालच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हा आकडा शोधायचा. इथे तो ड्रायव्हरच्या एअरबॅगच्या सर्किटकडे बोट दाखवतो. बिघाडाचा आकडा वाचणारं स्वस्तातलं यंत्र, कोड रीडर, इथे बहुधा कामाचं नाही, ते इंजिनापुरतंच.

आता हॉर्न दाबून बघा. वाजत नाही. गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या क्रूझ कंट्रोलची बटणंही मेलेली. कामं तीन, पण तिन्हींच्या तारा एकाच डबीतून जातात. घोडं तिथेच पेंड खातंय.

तिचं नाव क्लॉकस्प्रिंग. फिरत्या स्टिअरिंगमधल्या एअरबॅगपर्यंत वीज पोचवायची, तर साधी तार पिळवटून तुटेल. म्हणून या चपट्या डबीत फितीसारखी तार गुंडाळलेली असते. स्टिअरिंग एका बाजूला गेलं की ती आवळते, दुसऱ्या बाजूला गेलं की सैलावते. वीस वर्षं, प्रत्येक वळणावर. कधीतरी तुटणारच.

(बॅटरीवर पाना.)

पुढची चाकं सरळ केली. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. आता थांबायचं. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी, म्हणून नियंत्रक पेटीत कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. किती थांबायचं ते मॅन्युअल सांगतं, कुठे एक मिनिट, कुठे दहा. आम्ही चहा करून घेतला. आणि काहीही झालं तरी वीज मोजायचा मल्टिमीटर थेट एअरबॅगला लावायचा नाही, मीटरचा बारीकसा प्रवाहही तिला पेटवू शकतो.

स्टिअरिंगच्या मागचे दोन बोल्ट, मग पिवळा कनेक्टर, आणि एअरबॅग हातात येते. धरताना तिचं तोंड अंगापासून लांब. टेबलावर ठेवताना तोंड वर. पालथी ठेवली आणि उडाली, तर सगळा डबाच छताकडे जाईल.

नवी क्लॉकस्प्रिंग मधोमध अडकवलेली येते. ती अडकण जागेवर बसेपर्यंत काढायची नाही. घाईत डबी फिरली, तर पहिल्याच यू-टर्नला नवी फीतही तुटते.

(किल्ली फिरते.)

दिवा लागतो. साधारण सहा सेकंद. विझतो. हॉर्न वाजतो, शेजारचा कुत्रा भुंकतो.

जुनी गाडी घेताना हे सहा सेकंद मोजा. दिवा लागतच नसेल, तर बल्ब गेलाय, नाहीतर विकणाऱ्याने काढलाय. रेंजर हेही लपवू देत नाही, पाच-पाच बीप वाजवत राहते.

एक गोष्ट मात्र हा दिवा सांगू शकत नाही. २००४ ते २००६ च्या रेंजरमध्ये टाकाटा कंपनीचे इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे डबे, होते. त्यांतलं वायू तयार करणारं रसायन, अमोनियम नायट्रेट, उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं. मग धडकेत एअरबॅग उघडताना धातूचं कवचच फुटतं आणि तुकडे ड्रायव्हरच्या अंगात घुसतात. २००६ सालच्या रेंजरमध्ये असे दोन मृत्यू झाले, आणि २०१८ च्या जानेवारीत फोर्डने सुमारे २,९०० मालकांना सांगितलं, गाडी चालवूच नका. विजेच्या दृष्टीने या इन्फ्लेटरमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. सर्किट पूर्ण, दिवा विझलेला.

(कॅमेरा काचेच्या खालच्या कोपऱ्यावर.)

म्हणून हत्यारं आवरण्याआधी आणखी एक काम. ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसणारी ही पट्टी, तिच्यावर १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. तो अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकायचा. रिकॉल, म्हणजे कंपनीने सदोष भाग बदलण्यासाठी गाडी परत बोलावणं, बाकी निघाला तर इन्फ्लेटर डीलरकडे फुकट बदलून मिळतो.