स्टेंट बसला, पण पुढची तारीख?

नमस्कार श्रोतेहो.

पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन आता घरोघरी कुणाचं ना कुणाचं झालेलं असतं. बहुतेक जण आठवड्याभरात कामाला लागतात. थोड्यांच्या वाट्याला मात्र नंतर वेगळंच दुखणं येतं. यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी पित्तनलिका एखाद्या जागी आवळली जाते आणि मग ईआरसीपी म्हणजे दुर्बिणीतून नलिकेवर होणारा उपचार, नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी म्हणजे स्टेंट, स्टेंट बदलणं, पुन्हा ईआरसीपी असं सुरू होतं. मी त्या थोड्यांपैकी एक आहे. आज मला अशा माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं आहे.

आपलं यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते उतरायची वाट अडली की पित्त रक्तात चढतं. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढुरका पडतो. आणि खाज सुटते. या खाजेबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अंगावर पुरळ नसतं, त्यामुळे घरच्यांना काहीच दिसत नाही. पण रात्री तळपाय असे खाजतात, की मी अंधारात बसून कंगव्यानं तळवे घासलेले आहेत. हे डॉक्टरांना जरूर सांगा, त्यावर औषधं आहेत.

कावीळ म्हटलं की आपल्याकडे कुणीतरी माळ घालायला सुचवतंच. सुचवणाऱ्याची माया खरी असते. पण विषाणूची कावीळ बहुधा आपली आपणच ओसरते आणि श्रेय माळेला मिळतं. नलिका अडून झालेली कावीळ तशी उतरत नाही. तिथे माळेत गेलेले पंधरा दिवस फार महागात पडतात. म्हणून आधी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करून घ्या.

ईआरसीपीत तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात आणि पित्तनलिकेच्या तोंडातून आत शिरतात. हे तोंड दुर्बिणीतूनच कापून मोकळं करणं 1974 साली जर्मनीत आणि जपानमध्ये सुरू झालं. त्याआधी अशा रुग्णाचं पोट उघडावं लागे. हे आठवलं की मला आजही त्या डॉक्टरांबद्दल कृतज्ञता वाटते.

आता स्टेंटबद्दल. नेहमीच्या वापरातला जाड प्लास्टिकचा स्टेंटसुद्धा जेमतेम सव्वातीन मिलिमीटरचा असतो. एकदा माझा काढलेला स्टेंट सिस्टरांनी ट्रेमध्ये ठेवून दाखवला. बोटभर लांबीची निळी नळी, आणि तिच्या तोंडाशी घट्ट बसलेला तपकिरी गाळ. पित्तातला साका आणि जंतू मिळून तो गाळ होतो. म्हणूनच प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलायचा असतो. धातूच्या स्टेंटची मुदत वेगळी असते, ती विचारून घ्यावी.

खरी फसगत इथेच होते. स्टेंट बसला की खाज थांबते, भूक लागते, माणूस शेतावर नाहीतर ऑफिसला जायला लागतो. तीन महिन्यांनी घरात लग्न निघतं, पेरणी असते, मुलांची परीक्षा असते. दुखत तर काहीच नाही, मग बघू पुढच्या महिन्यात! असे राहून गेलेले स्टेंट वर्षानुवर्षं आत राहतात आणि त्यांच्याभोवती खडे धरतात. डिस्चार्ज कार्ड फाइलमध्ये जातं आणि फाइल कपाटात. माझं सांगणं आहे, की स्टेंट कोणता, किती, कधी घातला आणि कधी काढायचा हे त्याच दिवशी विचारा, कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तारीख घरातल्या आणखी एकाला तरी पाठ असू द्या.

मधल्या काळात थंडी वाजून ताप आला, तर तो मलेरियाचा की सर्दीचा असा घोळ घालत बसू नका. स्टेंट तुंबून पित्तमार्गात जंतुसंसर्ग झाला असेल, तर तो काही तासांत रक्तात पसरू शकतो. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं, आणि दवाखान्यात पोचताच आधी सांगायचं, ‘पित्तनलिकेत स्टेंट आहे.’ तसंच ईआरसीपीनंतर पोटात जोराची कळ येऊन ती पाठीत जायला लागली, उलट्या सुरू झाल्या, तर तो गॅस समजू नका. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.

आणि स्टेंट वर्षभर बदलूनही नलिका पुन्हा आवळतच असेल, तर थांबून विचारायला हवं, की हे असंच किती दिवस? काहींना नलिका थेट आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन जास्त टिकाऊ ठरतं. ते कठीण असतं. यकृत, स्वादुपिंड आणि पित्तमार्ग यांचंच काम करणाऱ्या सर्जनकडेच ते व्हावं. जिथे असा सर्जन, ईआरसीपी करणारे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून तुमची एमआरसीपी, म्हणजे पित्तमार्गाचा एमआरआय, बघतात, अशा ठिकाणी एकदा तरी जाऊन या. मुंबईत केईएमसारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हे विभाग आहेत. नांदेड-लातूरकडची बरीच मंडळी हैदराबाद गाठतात. खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना आधी विचारा.

आपले डॉक्टर नाराज होतील म्हणून कितीतरी जण दुसरं मत घेत नाहीत. मी संकोचत विचारलं, तेव्हा माझ्या डॉक्टरांनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली. जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका. एमआरसीपीची सीडी, प्रत्येक ईआरसीपीचा कागद आणि पहिल्या ऑपरेशनची नोंद तारखेप्रमाणे लावून न्या. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांकडे आपल्यासाठी दहा मिनिटं असतात, ती कागद शोधण्यात जाता कामा नयेत.

धन्यवाद.