आडनाव तेच, व्होल्टेज वेगळं

(काळा पडदा. एक अंगठा फोनच्या कडेचं बटण दाबतो.)

फोन पूर्ण बंद आहे. प्रोसेसरला वीजच नाही, तेव्हा बटण दाबलं गेलं हे त्याला कळणार कसं? पण कुणीतरी जागं आहे. नखाएवढी एक चिप बॅटरीच्या आधारावर बटणाकडे कान लावून बसलेली असते. दाब पुरेसा वेळ टिकला, की ती एकेक वीजवाहिनी ठरल्या क्रमाने चालू करते आणि मग प्रोसेसर उठतो.

हा पाइनफोन, लिनक्सवर चालणारा. आत ऑलविनर कंपनीचा ए६४ प्रोसेसर आणि त्याला वीज वाढणारी ती जागी चिप, एक्स-पॉवर्स कंपनीची एएक्सपी८०३. बॅटरी भरणं, किती उरली ते सांगणं, प्रत्येक भागाला हवं तेवढंच व्होल्टेज देणं, सगळं हिच्याकडे. फोन चालू झाल्यावर मात्र हिला आज्ञा देते ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्यासाठी हवा ड्रायव्हर, म्हणजे चिपशी तिच्या भाषेत बोलणारा कोड.

(पडद्यावर कोडची फाइल सरकत राहते.)

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ भाग म्हणजे कर्नल. त्यात एएक्सपी घराण्याचा ड्रायव्हर २०१४ साली आला. नाव एएक्सपी२०एक्स. तेव्हा आत दोनच भावंडं होती, २०२ आणि २०९. शेवटच्या ‘एक्स’च्या जागी आपला आकडा घातला की झालं. पुढे २२१ आली, २२३ आली, ८०३, ८०६, ८१३ आल्या. २८८ तर इंटेलच्या ॲटम प्रोसेसरवर चालणाऱ्या विंडोज टॅबलेटांत निघाली. २०२३ मध्ये ३१३ए, २०२४ मध्ये ७१७. फाइलीचं नाव कुणी बदललं नाही. दारावरची पाटी आजोबांची, आत नांदतायत नातवंडं.

नवी चिप आली की पहिला प्रश्न एकच: ही खरंच नवी आहे का? कधी उत्तर सुखाचं असतं. एएक्सपी३०५ ही सॉफ्टवेअरच्या नजरेत ८०५सारखी, आणि ८०५ ही ८०६सारखी. बोर्डाचं वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीमध्ये तिन्ही नावं ओळीने लिहायची. कर्नलला ओळखीचं नाव सापडतं आणि काम चालू. ड्रायव्हरमध्ये नवी ओळ शून्य. असा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, लिहिणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही, पण चिपांची माहितीपत्रकं, म्हणजे डेटाशीट, शेजारी-शेजारी ठेवून रजिस्टरामागून रजिस्टर (चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा) ताडून पाहण्याची मेहनत त्यामागे असते.

(तीन चिपांची क्लोजअप दृश्यं. खाली आकडा: २०.)

घात होतो तो ‘जवळजवळ सारख्या’ चिपांत. एएक्सपी२०९, २२१ आणि ८०३ या तिन्हींमध्ये डीसीडीसी-२ नावाची वाहिनी आहे. नाव एकच. तिच्या व्होल्टेजच्या रजिस्टरात २० हा आकडा लिहा. एएक्सपी२०९ ची मोजणी ०.७ व्होल्टपासून, २५ मिलिव्होल्टच्या पायरीने, मिळतील १.२ व्होल्ट. २२१ ची ०.६ पासून, २० च्या पायरीने. मिळेल १ व्होल्ट. ८०३ ची ०.५ पासून, १० च्या पायरीने, मिळतील ०.७. आता उलटं बघा. ८०३ चं कोष्टक हाती धरून २०९ कडे १.१ व्होल्ट मागितले, तर आकडा जाईल ६०, आणि समोरून येतील २.२ व्होल्ट. थेट दुप्पट. सॉफ्टवेअरच्या बहुतेक चुका संगणक पुन्हा सुरू केला की पुसल्या जातात. ही पुसली जाईलच असं नाही.

बरं, ८०३ ची पायरीही सरळ नाही. १.२ व्होल्टपर्यंत १०-१० ने चढते आणि तिथून पुढे १.३ पर्यंत २०-२० ने. म्हणून ड्रायव्हरमध्ये एका सूत्राऐवजी दोन टप्पे लिहावे लागतात. रजिस्टरचा पत्ताही प्रत्येकीचा निराळा.

तेव्हा नव्या भावंडाची भर घालणं म्हणजे मुख्यतः तक्ते भरणं. कुठली रजिस्टरं वाचायची, कुठल्यांत लिहायचं, कुठले इंटरप्ट (चिपने प्रोसेसरला दिलेल्या हाका), कुठल्या वाहिन्या. ३१३ए मध्ये बॅटरी भरायची सोयच नाही. तिच्या यादीत चार्जर घातला, तर कर्नल नसलेल्या भागाशी बोलत बसेल. पॅचचेही तुकडे करावे लागतात, कारण चिप एक असली तरी कर्नलमधली खाती वेगळी: वर्णन एकीकडे, चिपचा गाभा दुसरीकडे, व्होल्टेज तिसरीकडे, बॅटरी चौथीकडे. गाभा आधी स्वीकारला गेल्याशिवाय बाकीचं जुळत नाही. सरकारी फाइल फिरते तसंच, फक्त इथे शेरे उघड्यावर लिहिलेले असतात.

(टेबलावर उघडा बोर्ड. सिरियल केबल. टर्मिनलवर अक्षरं पळतात.)

आता चाचणी. बोर्ड सुरू झाला, लॉगिन आलं, सगळं ठीक. चहा घ्यायला उठावं इतपत ठीक.

पण डिव्हाइस ट्रीमध्ये मेमरीची वाहिनी लिहिताना तिच्यापुढे ‘कायम चालू’ ही एक खूण राहून गेलेली असते. वाहिनी नोंदवलेली आहे, पण तिच्यावर कुणी हक्क सांगितलेला नाही. अलीकडचा कर्नल सगळ्या ड्रायव्हरांना जागेवर बसायला तीस सेकंद देतो, मग बिनवापराच्या वाहिन्या शोधून बंद करतो. वीज वाचवणं हे त्याचं कामच.

(घड्याळाचा काटा. अठ्ठावीस. एकोणतीस. टर्मिनल गोठतं.)

लॉगमध्ये शेवटच्या ओळीत चुकीचा एकही शब्द नाही.