14 मिलिमीटर

(अंधारी खोली. मॉनिटरचा उजेड.)

"श्वास घ्या... रोखून धरा."

श्वास भरला की छातीचा पडदा खाली येतो आणि बरगड्यांआड दडलेलं यकृतही थोडं खाली सरकतं. तेवढ्या वेळात दोन बरगड्यांच्या फटीतून सोनोग्राफीचा प्रोब तिरका धरून आत डोकवायचं. जेल गार लागतं, पेशंट दचकतो, श्वास सुटतो. पुन्हा पहिल्यापासून.

सिरॉसिस म्हणजे जुन्या इजेने व्रण पडून यकृत निबर होणं. अशा यकृताचा पोत मुळातच खडबडीत, गाठाळ. त्या गर्दीतून वेगळी असलेली एखादी गाठ हुडकायची. ही पाहा, काळसर ठिपका. मापाच्या दोन फुल्या दोन कडांना टेकतात. 14 मिलिमीटर.

गाठ दिसली, ती कसली आहे, हे मात्र सोनोग्राफी ठामपणे सांगत नाही.

(सीटी स्कॅनची खोली. इंजेक्टर.)

यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे 75 टक्के आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेन या शिरेतून, उरलेलं धमनीतून. यकृताच्या पेशींतून उगवलेला कॅन्सर मात्र बहुतांशी धमनीच्याच रक्तावर वाढतो. सगळी तपासणी या एका खोडीवर उभी आहे.

हातातल्या शिरेत कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनवर रक्त उजळ दाखवणारं औषध, सुटतं. अंगभर ऊब पसरते. साधारण 35 सेकंदांनी पहिली चित्रं: यकृत अजून मंद, आणि त्यात ही गाठ दिव्यासारखी पेटलेली. मिनिटभराने पोर्टल व्हेनचं रक्त पोहोचतं, यकृत उजळतं. आणखी दोन-तीन मिनिटांनी तीच गाठ आजूबाजूपेक्षा काळी पडलेली. याला म्हणतात वॉशआउट. पहिला फोटो दहा-पंधरा सेकंद आधी निघाला, तर पेटलेली गाठ हुकू शकते.

सिरॉसिसच्या पेशंटमध्ये सेंटिमीटरभर किंवा मोठी गाठ आधी अशी पेटली आणि मग विझली, तर सहसा बायोप्सीही लागत नाही. नुसत्या चित्रांवर निदान पक्कं होणारे कॅन्सर फार थोडे आहेत.

सेंटिमीटरहून लहान गाठीला मात्र लगेच नाव देत नाहीत. तीन-एक महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. इथे जुन्या फिल्म लागतात. त्या घरी कपाटात ठेवून आलेल्या पेशंटवर रेडिऑलॉजिस्ट वैतागतात, ते उगाच नाही. प्रोब जरा वेगळ्या कोनात धरला तरी एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. खरी वाढ कोणती, हे मागचं चित्र शेजारी लावल्यावरच कळतं. आणि 10 मिलिमीटरची गाठ 20 झाली, की ऐकायला दुप्पट, आकारमान आठपट.

सोनोग्राफीच्या नजरेतून गाठी सुटतातही. फुप्फुसाखाली झाकलेला यकृताचा घुमट नीट दिसत नाही, जाड पोटातून आवाजाच्या लहरी खोलवर पोहोचत नाहीत. म्हणून सोबत एएफपी, यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन मोजणारी रक्ततपासणी. तरीही दर सहा महिन्यांनी करता येण्याजोगी, किरणोत्सर्ग नसलेली तपासणी सोनोग्राफीच. सिरॉसिस असेल, तर कार्डावरची ती तारीख चुकवण्याजोगी नाही.

लहान असताना सापडली, तर गाठ सुईने जाळता येते, कापून काढता येते, प्रत्यारोपणाचाही विचार होतो. उशीर झाला की हे पर्याय एकेक करून मिटतात.

(गाठ जाळल्यानंतर महिन्याभराने काढलेला स्कॅन.)

हा काळा डाग गाठीपेक्षा मोठा दिसतोय. घाबरायचं कारण नाही, कडेची चांगली जागाही मुद्दाम जाळलेली असते. रेडिऑलॉजिस्टची नजर आता आकारावर नाही, काठावर आहे. काठ कुठे पेटतोय का? चित्र पुढे, मागे, पुन्हा पुढे.

नाही.

पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी.