तापात आकडी येते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

दीड वर्षाचं मूल संध्याकाळपासून तापानं फणफणलेलं असतं. एकाएकी त्याचे डोळे वर फिरतात, दातखीळ बसते, अंग ताठ होतं आणि हातपाय झटके देऊ लागतात. ओठ निळसर पडतात, तोंडाला फेस येतो. घरात रडारड सुरू होते. ही तापातली आकडी. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना ती कधीतरी येते. या वयातला मेंदू अजून घडत असतो. ताप चढला की त्यातल्या पेशी एकदम, बेताल संदेश सोडू लागतात आणि स्नायू आखडतात. बहुतेक वेळा हे दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतं. साधारण तिघांतल्या एकाला पुन्हा आकडी येते. पण यातल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार, म्हणजे फेफऱ्याचा आजार, जडत नाही.

मला खरी काळजी वाटते ती त्या दोन-तीन मिनिटांत आपण काय करतो याची. कुणी कांदा फोडून हुंगवतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी दातांत चमचा घालतं. कृपा करून यातलं काही करू नका. चमच्यानं दात तुटतात आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाणीही पाजू नका. मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ, उलटी बाहेर येईल. गळ्याजवळचे कपडे सैल करा. हातपाय दाबून धरू नका. आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर तडक १०८ ला फोन लावा.

आकडीमागे दुसरी कारणंही असतात: रक्तातली साखर उतरणं, डोक्याला मार, मेंदूज्वर, अपस्माराची गोळी चुकणं. न धुतलेल्या कच्च्या भाजीवाटे फीतकृमीची अंडी पोटात गेली, तर शाकाहारी माणसाच्याही मेंदूत गाठ होऊन आकडी येऊ शकते. गरोदरपणात रक्तदाब वाढून आलेली आकडी तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवावर बेतते.

झटके नसलेली आकडीही असते बरं का! वर्गात बोलता बोलता मूल काही सेकंद शून्यात बघत राहतं. बाईंना वाटतं, लक्ष नाही. असं वरचेवर होत असेल तर रागावू नका, डॉक्टरांना दाखवा.

पहिली आकडी थांबली तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. जवळ दुसरं माणूस असेल तर त्याला मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. आम्हा डॉक्टरांना आकडी क्वचितच प्रत्यक्ष दिसते. ती एका अंगाला सुरू झाली की दोन्ही, हे त्यातून कळतं.