चूलच वर आली

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणाचा खुब्याचा सांधा बदललाय का? मग त्यांना जरा रेडिओजवळ बसवा. खुर्चीवर हं, पाटावर नाही.

अमळनेरकडच्या एका खेड्यात मी एका जिजीचा व्यायाम घ्यायला जायचे. उजव्या खुब्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झालेले, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर. गेले तर अंगणात वॉकर उभा आणि त्यावर ओलं लुगडं वाळत घातलेलं! स्वयंपाकघरातून धूर. माझ्या पोटात गोळाच आला. ही चुलीपुढं उकिडवी बसली असणार. तिचं ऑपरेशन मागच्या बाजूनं झालेलं. अशा वेळी सुरुवातीला खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही. सांधा निखळू शकतो.

आत पाहते तर जिजी उंच स्टुलावर. समोर विटांचे थर, त्यावर चूल, चुलीवर पालथं खापर आणि पुरणपोळी पार तिच्या कोपरापर्यंत पसरलेली. मला म्हणते, "ताई, तू सांगेल व्हतं ना, खाले बसानं नही? मंग चूलच वर करी टाकी!"

गुडघे खुब्याच्या खालीच होते. मी काय बोलणार? हल्ली लोक आखाजीच्या पोळ्या ऑर्डर देऊन आणतात. त्यांना खापराचा वास तरी येतो का?

रागावले ते वॉकरवरून. बाई भिंत धरून चालत होती. काठी दिली, तर धरली उजव्या हातात. सगळे हीच चूक करतात. ऑपरेशन उजवीकडे, तर काठी डाव्या हातात. पुन्हा सांगते, काठी बऱ्या बाजूच्या हातात. खुब्याच्या कडेचा स्नायू अजून कच्चा असतो, काठी त्याचा भार हलका करते. तो पक्का करायला ओटा धरून ताठ उभं राहायचं आणि ऑपरेशनचा पाय सरळ बाजूला उचलायचा, कंबर न झुकवता. जिजी दर पोळीमागे दहा वेळा उचलायची.

जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. घोटे वरखाली करणं पलंगावरच शिकवलेलं असतं, ते सोडू नका. आणि पोटरी सुजून दुखली तर चोळत बसू नका, डॉक्टर गाठा.

जिजीनं वॉकरवरचं लुगडं माझ्यादेखत काढलं. फाटकातून मागं वळून पाहिलं, तर पुन्हा तिथंच.