अठ्ठावन्न टक्क्यांचं कॉलेज

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आठ दिवसांत आमच्या गावच्या एसटी स्टँडसमोर क्लासवाल्यांचे फ्लेक्स उभे राहतात. नव्वदच्या पुढची मुलं, गळ्यात हार, फोटोखाली टक्के. त्या मुलांचं मलाही कौतुक आहे, त्यांनी रात्री जागवल्यात. पण आज मला बोलायचंय ते त्या फ्लेक्सवर ज्यांचा फोटो नाही त्यांच्याशी. पन्नास ते पासष्टच्या मध्ये कुठंतरी थांबलेल्या मुलांशी, आणि "आता याला कुठं घालायचं" या काळजीनं ज्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही त्या आईवडिलांशी.

मी एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणी, अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी मे-जूनमध्ये घराच्या ओसरीवर एक टेबल टाकून बसते. आसपासच्या गावांतून पालक मुलांना घेऊन येतात. त्यातलीच एक भेट सांगते.

दूध संकलन केंद्र चालवणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. गुणपत्रिका चार घड्या घालून खिशात ठेवलेली. टेबलावर पसरली आणि म्हणाले, "बाई, अठ्ठावन्न टक्क्यांत इंजिनिअरिंगला कुठं बसंल ही?" मुलगी खाली मान घालून उभी. ६०० पैकी ३४८. बेरीज सगळ्यांनी वाचली होती, वरच्या ओळी कुणी वाचल्याच नव्हत्या. इंग्रजी ६८, मराठी ७१, भौतिक ४६, रसायन ४९, गणित ४४ आणि जीवशास्त्र ७०. मी तिला विचारलं, "अगं, जीवशास्त्रात सत्तर कसे आले?" तर म्हणाली, "ते वाचावं लागत नाही बाई, ते कळतं." मग हळूहळू कळलं की रोज पहाटे वडिलांच्या केंद्रावर दुधाची फॅट हीच काढते. लॅक्टोमीटर तिच्या हातातला. भेसळीचं दूध कुठल्या कॅनमधलं, हे ती वडिलांच्या आधी ओळखते.

आता ही मुलगी मध्यम कशी? बेरजेत मध्यम आहे. म्हणून पालकांना माझं पहिलं सांगणं हेच, की टक्का बाजूला ठेवा आणि विषयांचे गुण वाचा. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला खुल्या गटासाठी भौतिक, रसायन, गणित अशा तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, मागासवर्गीयांसाठी ४०. या मुलीचे तिन्ही मिळून १३९, म्हणजे ४६ टक्क्यांच्या थोडे वर. ती पात्र होती. पण पात्र असणं वेगळं आणि चार वर्षं रोज गणिताशी झुंजणं वेगळं. वडिलांना मी एवढंच म्हटलं, "भाऊ, बसंल कुठंही. तिथं टिकंल का, ते आपण बघू या."

एक गोंधळ इथंच दूर करते, कारण दर वर्षी ओसरीवर त्यापायी रडारड होते. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतला पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ७० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांत सत्तर मुलं तुमच्या बरोबरीला किंवा तुमच्या मागं आहेत. आणि इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी लागते ती सीईटीवर, बारावीचे गुण पात्रतेपुरते. पाच वर्षांच्या लॉ अभ्यासक्रमालाही तसंच, बारावीला खुल्या गटात ४५ टक्के हवेत आणि पुढं सीईटी. केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून पदवीचे प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक परीक्षेवर होतात. म्हणजे बारावीला साठ मिळालेल्या मुलालाही तिथं दार उघडं असू शकतं. पण त्या परीक्षेचा फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. यंदा अकरावीत असलेल्या मुलांच्या घरी हे आजच लिहून ठेवा.

आता कॉलेज कसं निवडायचं? इथं मला माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. बरीच वर्षं झाली, पण विसरता येत नाही. बासष्ट टक्क्यांचा एक मुलगा होता, शांत, विचारल्याशिवाय न बोलणारा. शहरातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात शेवटच्या यादीत त्याचा नंबर लागला. घरच्यांना वाटत होतं, जवळच्या कॉलेजात घालावं. मी आग्रह धरला की एवढं मोठं नाव मिळतंय, सोडू नका. एका तुकडीत एकशेवीस मुलं. शिकवणं असं, की अर्ध्या वर्गाला सगळं आधीच येतं हे धरून चाललेलं. पोरगा शंका विचारायला कधी उठलाच नाही. पहिल्या वर्षी चार विषय राहिले, दुसऱ्या वर्षी तो गावी परत आला आणि मला रस्त्यात दिसला की वाट बदलायला लागला. चूक त्याची नव्हती. मी कॉलेजचं नाव पाहिलं, त्या वर्गात हा पोरगा कुठल्या बाकावर बसेल ते पाहिलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. कटऑफची यादी तुम्हाला एवढंच सांगते की त्या कॉलेजात कोण शिरलं. आत गेल्यावर त्यांचं काय झालं, हे ती सांगत नाही. नव्वदवाला मुलगा कुठंही शिकतो, पुस्तक त्याला पुरतं. अठ्ठावन्नवाल्याला शिकवणारं माणूस लागतं, जे त्याला नावानं ओळखेल आणि चार दिवस दिसला नाही तर घरी फोन करील. असं माणूस जिथं असेल ते त्याचं कॉलेज, मग ते तालुक्याला का असेना.

आणि ते घरात बसून कळत नाही, जावं लागतं. जमीन घेताना आपण बांधावरून फिरतो, विहिरीत डोकावतो, शेजाऱ्याला विचारतो. पोराची तीन-चार वर्षं जिथं द्यायची, तिथं मात्र माहितीपत्रकावरचा रंगीत फोटो बघून प्रवेश घेतो! कामाच्या दिवशी जा, आधी न कळवता जा. सकाळी अकरा वाजता वर्ग भरलेत का, की पोरं कँटीनला आहेत, ते बघा.

मी रसायनाची, त्यामुळं आधी प्रयोगशाळेत शिरते. ब्युरेट म्हणजे द्रव थेंबाथेंबानं मोजून सोडायची नळी, तिच्या काचेच्या तोटीला बोट लावून बघते. तोटी हलकी फिरली, व्हॅसलीनचा ओशटपणा बोटाला लागला, तर समजायचं की इथं रोज कुणीतरी काम करतंय. तोटी घट्ट बसली असेल, बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या आणि झाकणावर धूळ असेल, तर त्या प्रयोगशाळेत वर्षभरात प्रयोग झालेले नाहीत, भिंतीवर कुणाचंही प्रमाणपत्र लावलेलं असो. मग ग्रंथालयात जाते. कुठलंही अभ्यासाचं पुस्तक काढायचं आणि शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायची. शेवटचा शिक्का याच वर्षाचा असेल तर ठीक. सहा वर्षांपूर्वीचा असेल तर पुस्तक परत ठेवायचं आणि बाहेर पडायचं. एवढं तुम्ही कुणीही करू शकता, त्याला विज्ञान यावं लागत नाही.

फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. "कॉलेज कसं आहे" असं विचारू नका, "चांगलं आहे" असंच उत्तर येतं. विचारा की तुमच्या विषयाला कायमचे सर किती आणि तासावर येणारे किती. मागच्या वर्षी पहिल्या वर्षाचे किती जण सगळ्या विषयांत सुटले. शेवटची गाडी किती वाजता आहे, हेसुद्धा विचारा. मुलगी असेल तर ते आधी विचारा. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था, तिची श्रेणी जरूर बघा, पण ती कुठल्या वर्षी मिळाली तेही बघा. त्या श्रेणीला मुदत असते आणि फलक मात्र जुनाच लटकत राहतो.

पैशाचं बोलायलाच हवं. कमी गुण मिळालेल्या मुलाचे आईवडील घाबरलेले असतात, आणि ते घाबरलेत हे ओळखणारी माणसं प्रवेशाच्या दिवसांत बरोबर हजर होतात. "जागा भरत आल्यात, आज पन्नास हजार भरा, उद्या मिळणार नाही." असा फोन आला तर ठेवून द्या. ठरलेल्या शुल्काशिवाय देणगी घेऊन प्रवेश देणं आपल्या राज्यात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या खासगी कॉलेजांचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते संकेतस्थळावर बघायला मिळतं. ते बघून मगच जा. आणि मूळ कागदपत्रं कुठल्याही कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्येच बजावलंय. तपासायला दाखवा, छायाप्रत द्या आणि मूळ प्रत घरी आणा.

मुलींच्या पालकांनी नीट ऐकावं. २०२४-२५ पासून राज्यात आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे शासन गुणवत्ता यादीनं जागा वाटतं त्या फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंटच्या कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. फेरीत मिळणारं साधं कॉलेज सोडून पैसे भरून मोठ्या नावाचं घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेयर, जात पडताळणी यांचे कागद निकालाची वाट न बघता काढायला टाका. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर किती रांग लागते ते तुम्हाला माहीत आहे.

आता या केंद्रीय फेरीचा फॉर्म भरताना पर्यायांचा क्रम. इथं फार नुकसान होतं. नेट कॅफेवाला घाईत असतो, तो म्हणतो, "हे जवळचं आहे, नक्की मिळेल, पहिलं टाका." मुलगा मान हलवतो. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. भीतीपोटी पहिलं टाकलेलं कॉलेजच मग गळ्यात पडतं. जे खरोखर हवंय ते वर, त्याच्याहून थोडं कमी आवडीचं त्याखाली, असं लिहीत जा. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्याची संधी जात नाही. ही यादी घरी, वहीत, मुलानं स्वतःच्या हातानं लिहावी आणि कॅफेत ती बघून भरावी. आणि जे कॉलेज तुम्ही पाहिलेलं नाही, ते यादीत घालू नका.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांना कमी लेखायची आपल्याकडं सवय आहे, ती मला सोसत नाही. स्पर्धा परीक्षांसाठी लागते ती पदवी. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला बारावीचे टक्के कुणी विचारत नाही. एमबीए, एमसीए, बी.एड. यांना पदवीचे गुण बघतात, खुल्या गटाला पन्नास टक्के. म्हणजे बारावीत राहिलेली कसर भरून काढायला तीन वर्षं हातात आहेत. ज्यांचा हात यंत्रावर चालतो त्यांना बारावी विज्ञाननंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तेही सीईटी न देता. घर चालवायला आजच कामाला लागायचं असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच मुलांसाठी आहे.

आणि खर्चामुळं कुणी थांबत असेल तर आमच्या जिल्ह्यातली गोष्ट आठवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. कमवा आणि शिका ही वाट त्यांनीच घालून दिली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आजही त्यांच्या नावानं ही योजना चालते. मुलं कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत तासाच्या हिशेबानं काम करतात आणि त्यातून मेसचे पैसे भागवतात. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला विचारा की ही योजना तुमच्याकडं आहे का आणि किती मुलं तीत आहेत.

दूधवाल्यांच्या मुलीचं काय झालं ते राहिलं. दुग्ध तंत्रज्ञान शिकवणारी कॉलेजं आपल्या राज्यात आहेत, पुसदजवळ वरूडला आणि उदगीरला, हे बाप-लेकींना ठाऊकच नव्हतं. "दुधाचं पण कॉलेज असतं?" असं तिनं पहिल्यांदा मान वर करून विचारलं. तिथं तिचा नंबर लागला नाही. मग तिघं मिळून आम्ही जिल्ह्यातली तीन कॉलेजं पालथी घातली. तिसऱ्या ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरलो, तर अंगावर पांढरा कोट घातलेल्या मॅडम स्वतः काचेच्या बश्या धूत होत्या. मुलीनं त्यांना विचारलं, "दुधातले जंतू इथं बघायला मिळतात का?" त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "तू दूध घेऊन ये, आपण बघू."

वडिलांनी तिथल्या तिथं माझ्याकडं पाहिलं. माहितीपत्रक कुणी मागितलंच नाही.

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. दर सोमवारी केंद्रावरच्या दुधाचा नमुना बाटलीत घेऊन, बर्फात ठेवून, सव्वासातच्या एसटीनं कॉलेजला जाते.

या आठवड्यात जमेल तर दोन कॉलेजं बघून या. डबा बरोबर घ्या, आणि पोराला पुढं चालू द्या.

नमस्कार.